इंदुरात सोनचाफ्याची पानं दर वर्षी करपतात, पिवळी पडतात: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर, कुठेही जा, मराठी घराच्या अंगणात नाहीतर गच्चीवर सोनचाफा लावायची हौस दिसतेच. त्याच्याबद्दलची तक्रारही ठरलेली. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यात पानं पिवळी पडून गळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास झाड जरा सावरतं, थंडीत गप्प बसतं आणि चैत्रात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दर खेपेला नर्सरीतून कसली तरी पुडी येते. कधी युरिया, कधी बुरशीनाशक, कधी 'बूस्टर' म्हणून विकली जाणारी रंगीत बाटली. दिवाळीत झाड सावरलं की श्रेय त्या पुडीला.

पुडीचा त्यात बहुतेक वेळा काही हात नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात इंदूरची हवा काही आठवडे सोनचाफ्याला मानवते, म्हणून तो सावरतो. खरा घोळ असा आहे की एकाच झाडाला वर्षभरात तीन वेगळी दुखणी होतात आणि आपण तिन्हींवर एकच औषध ओततो. तिन्ही दुखणी सुरू होतात ती मातीत आणि पाण्यात. पान फक्त ती दाखवतं. म्हणून इथे औषधांपेक्षा तपासणीवरच जास्त लिहिलं आहे.

झाड कुठलं आणि आपण कुठे

सोनचाफा, म्हणजे मॅग्नोलिया चम्पाका (जुन्या पुस्तकांत मायकेलिया चम्पाका), हा दमट जंगलातला सदाहरित वृक्ष. पश्चिम घाट, पूर्व हिमालय, आसाम आणि तिथून पुढे थेट इंडोनेशियापर्यंत तो आपला आपण वाढतो, 30 मीटरच्याही वर जातो. त्या जंगलात जमिनीवर पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत, किंचित आम्ल माती असते. पाऊस धो-धो पडतो, पण उतारावरून वाहून जातो, मुळाशी साचून राहत नाही.

आपलं इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर. पाऊस 40 इंचांच्या आतबाहेर, तोही चार महिन्यांत आटोपणारा. मे महिन्यात दुपारचा पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. माती काळी, चिकण. ती पावसात फुगते, पाणी धरून बसते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांबरोबर आतली बारीक मुळं अक्षरशः तुटतात. सोनचाफ्याची मुळं मांसल आणि ठिसूळ, त्यामुळे त्याला हे आंब्या-पेरूपेक्षा जास्त बाधतं. शिवाय ही माती अल्कधर्मी, खाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे पांढरे खडे.

म्हणून रत्नागिरीच्या मावशीचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. वसईकडे सोनचाफ्याच्या बागा आहेत, तिथली फुलं दादरच्या बाजारात जातात. ती हवा समुद्राची. मावशी सांगते ते तिच्या अंगणापुरतं बरोबरच असतं.

आधी पान बघा, मग खुरपं घ्या

झाडासमोर उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा: बिघडलंय ते कोवळं पान की जून पान?

जून, खालची पानं टोकापासून आणि कडेनं तपकिरी, कुरकुरीत होत असतील आणि मधला भाग हिरवाच असेल, तर तो कोरड्या झळा आणि क्षार यांचा मामला. महिना बहुधा मार्च ते जून.

कोवळी, शेंड्याकडची पानं फिकट पिवळी आणि शिरा मात्र ठळक हिरव्या, पान उन्हाकडे धरलं की हिरवी जाळी दिसते, तर झाडाला लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नाही. चुनखडीच्या मातीत ते असं अडकून बसतं की मुळांना उचलता येत नाही. हे पावसाळ्यात वाढतं, कारण ओल्या, हवा न खेळणाऱ्या चुनखडीच्या मातीत ही अडवणूक आणखी घट्ट होते.

पूर्ण पान मरगळून लोंबतंय, माती ओली आहे तरी झाड तहानल्यासारखं दिसतंय, आणि लहान-मोठी सगळी पानं पिवळी होऊन पटापट गळताहेत, तर मुळं कुजताहेत. हे सगळ्यांत गंभीर, आणि नेमकं याच वेळी लोक आणखी पाणी घालतात.

आणि एक चौथा प्रकार, ज्याला प्रकार म्हणायचंही कारण नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्याला नवी पालवी फुटत असताना खालची मोजकी जुनी पानं पूर्ण पिवळी होऊन गळतात. ते वय झालं म्हणून. त्यावर खत, फवारा काही नको. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नव्हे.

आता खुरपं. खोडापासून दीड-दोन फुटांवर वीतभर खोल खणा. हे न करता कुठलाही उपाय सुरू करू नका, एवढं एकच मी हट्टानं सांगेन. वरचा थर कोरडा दिसतो आणि वीतभर खाली चिखल असतो, किंवा उलट, रोज पाइप धरूनही पाणी दोन बोटांच्या खाली गेलेलंच नसतं. दोन्ही घरं मी एकाच गल्लीत बघितली आहेत, आणि दोन्हीकडे पानं पिवळीच. खणलेल्या मातीचा वास घ्या. ओल्या मातीचा ओळखीचा वास आला तर ठीक. तुंबलेल्या गटारासारखा आला तर मुळांना हवा मिळत नाहीये. एखादं बारीक मूळ हाती लागलं तर नखानं सोला. आत पांढरट, कडक असेल तर जिवंत. साल बोटात निसटून आली आणि आत नुसता तपकिरी दोरा राहिला, तर ते मूळ गेलं.

त्याच मातीचं एक ढेकूळ बशीत घेऊन त्यावर थोडं स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना भरपूर आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत लावलेल्या झाडांकडे हे हमखास होतं, कारण घर बांधताना उरलेला मलबा, सिमेंट, प्लास्टरचे तुकडे तिथेच पुरलेले असतात. त्यात भिंत पश्चिमेची असेल तर दुपारभर तापून ती झाडाला दुसरीकडूनही भाजते.

शेवटची चाचणी निचऱ्याची. झाडापासून थोडं लांब फूटभर खोल खड्डा करा, पाण्यानं भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी तीन-चार तासांत गेलं तर जमीन बरी. सकाळी भरलेलं संध्याकाळीही तसंच असेल, तर त्या जागी सोनचाफा सपाट जमिनीत कधीच नीट राहणार नाही. महूकडे किंवा उतारावरच्या मुरमाड जमिनीत घर असेल तर ही अडचण सहसा येत नाही. गावातल्या सपाट काळ्या मातीत येतेच.

पाणी कुठलं घालता

इंदुरात पाण्याचे दोन प्रकार. एक नळाचं नर्मदेचं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उचलून आणलेलं, बऱ्याच भागांत दिवसाआड येणारं. आणि दुसरं बोरिंगचं. नर्मदेचं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला आणि बोरिंगचं बागेला, ही घराघरातली वाटणी. बोरिंगचं पाणी जड. कुंडीच्या काठावर आणि मातीवर जो पांढरा थर चढतो तो त्याचाच. कडक उन्हात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि मे महिन्यापर्यंत ते इतके साठतात की मुळं पाणी घेऊ शकत नाहीत. पानाच्या कडा जळतात त्या अशा.

याहून वाईट म्हणजे आर.ओ.च्या मशीनमधून बाहेर पडणारं फेकायचं पाणी. वाया जाऊ नये म्हणून ते बादलीत धरून झाडांना घालायची सवय आता सगळीकडे आहे. हेतू चांगलाच. पण मशीननं गाळून काढलेले सगळे क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला, बाथरूमला वापरा. सोनचाफ्याला थेंबभरही नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं. ते बादलीत धरून कुंडीला खुशाल घाला. पावसाळ्यात गच्चीवरचं पहिल्या दोन-तीन सरींनंतरचं पाणी ड्रममध्ये झाकून ठेवलं तर गौरी-गणपती होऊन गेल्यावरही काही आठवडे कुंडीपुरतं कामाला येतं.

बोरिंगशिवाय इलाजच नसेल तर थोडं-थोडं रोज शिंपडू नका. त्यानं क्षार वरच्याच थरात साठतात. जमिनीतल्या झाडाला दोन-तीन दिवसांआड, पण खोलवर जिरेल असं पाणी द्या. कुंडीला उन्हाळ्यात रोज लागेल. तिला महिन्यातून एकदा नर्मदेच्या पाण्यानं चांगली धुऊन काढा, म्हणजे खालच्या भोकातून पाणी मोकळं वाहीपर्यंत घालत राहा. कुंडीखालची ताटली काढून टाका. ताटलीत जमलेलं पाणी कुंडी परत शोषते आणि क्षारांसकट शोषते.

करपलेल्या कडांवर काय करायचं

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पण अर्धं हिरवं पान अजून कामाचं आहे, ते खुडू नका. उपाय पुढच्या पानांसाठी आहेत.

गुढीपाडव्याच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेड नेट बांधा, पन्नास टक्क्यांची पुरते. पूर्ण झाकू नका. सकाळचं ऊन हवंच, नाहीतर फुलं विसरा. बुंध्याभोवती तीन-चार इंच वाळक्या पानांचा थर पसरा, खोडाला चिकटू न देता. हा थर मला सगळ्या औषधांपेक्षा मोलाचा वाटतो. जंगलातली जमीन झाडाला पुन्हा मिळते ती अशी, आणि काळ्या मातीला भेगाही कमी पडतात. आपल्याकडे पानं झाडून कचऱ्याच्या गाडीत घालायचा इतका पक्का रिवाज पडलाय की झाडाखाली पाचोळा ठेवला तर येणारे-जाणारे नाक मुरडतात. मुरडू द्या.

एप्रिल-मेमध्ये खत अजिबात नको, युरिया तर नाहीच. क्षारांनी त्रासलेल्या मुळांना तो आणखी एक क्षार. भर दुपारी पानांवर पाणी मारणंही टाळा. बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग पानांवर वाळतात. मारायचंच तर संध्याकाळी, नर्मदेचं.

हिरव्या शिरा, पिवळं पान

इथे लोक मुळाशी हिराकस घालतात. फेरस सल्फेट म्हणजे लोहच, पण चुनखडीच्या मातीत पडलं की थोड्याच दिवसांत तेही अडकतं. त्यापेक्षा फवारणी बरी: एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व, ताजं कालवून, गाळून, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजूंना. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. आधी एका फांदीवर करून बघा. भिंतीवर, फरशीवर उडालं तर गंजाचे डाग जन्माचे.

मुळाशीच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मातीत लगेच अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) आणा, पण पुडीवरची अक्षरं वाचून. इ.डी.टी.ए. लिहिलेलं स्वस्त असतं आणि आपल्या अल्कधर्मी मातीत फारसं टिकत नाही. इ.डी.डी.एच.ए. लिहिलेलं महाग असतं, गडद तांबड्या-तपकिरी दाण्यांचं, आणि ते चुनखडीतही काम करतं. बहुतेक नर्सऱ्या पहिलंच देतात. दुसरं शेतीच्या औषधांच्या दुकानात मागावं लागतं. मात्रा पुडीवर असते तेवढीच.

आणि घरचे काही प्रेमळ उपचार थांबवा. होमाची राख, शेगडीची राख, अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी हे सगळं आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीत आणखी भर घालतं. तुळशीला घाला, नाहीतर कुठेच घालू नका. चहाचा चोथा धुऊन घातला तर हरकत नाही, पण त्यानं माती आम्ल होईल ही आशा सोडा. साखरेसकट घातला तर मुंग्या मात्र नक्की येतील.

मुळं कुजताहेत असं वाटलं तर

पाणी तात्काळ बंद. बुंध्याभोवती आळं केलेलं असेल तर ते मोडा आणि पाणी बाहेर वाहील अशी चर काढा. आळं हा उन्हाळ्याचा दागिना, मृगाच्या आधी तो उतरवायचा असतो. बुंध्याची साल मातीच्या पातळीवर नखानं हलकी खरवडा. आत हिरवी-पांढरी असेल तर आशा आहे. सगळीकडून काळपट, मऊ असेल तर झाड गेलं, त्यावर पैसे घालवू नका. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतात मिसळून देतात, ते चांगलंच, पण ते आधीपासून देण्याचं काम आहे. मेलेलं मूळ त्यानं जिवंत होत नाही.

कायमचा उपाय जागेचा. चिकण मातीत खोल खड्डा खणून त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरलं की आपण झाडासाठी हौद बांधतो. आजूबाजूचं पावसाचं पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन बसतं आणि बाहेर जाऊ शकत नाही. त्यापेक्षा जमिनीवर दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा. एक भाग तिथलीच माती, एक भाग जाडसर लाल मुरूम (व्हिनेगरनं न फसफसणारा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा पालापाचोळ्याचं खत. खालची काळी माती टिकावानं नुसती सैल करून घ्या, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळतील.

कंपोस्टच्या बाबतीत आपल्याला बाहेर बघायची गरज नाही. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथेच, इंदुरात, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये होते. पालापाचोळा, काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून, ठरावीक काळानं उलथून खत करायची त्यांची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. तीच संस्था पुढे आजचं कृषी महाविद्यालय झाली. घरच्या कोपऱ्यात विटांच्या चौकटीत हे सहज जमतं. फक्त थर दाबून बसवायचे नाहीत, आत हवा राहिली पाहिजे. शहरात ओल्या कचऱ्यापासून केलेलं खत मिळतं ते इतर झाडांना ठीक आहे. सोनचाफ्याला मात्र ते थोडंच आणि पावसाळ्याच्या तोंडावर द्या, क्षारांचा अंदाज येईपर्यंत.

लावलेलं झाड दोन-तीन वर्षांचं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला मातीच्या मोठ्या गड्ड्यासकट उचलून उंचवट्यावर नेता येतं. त्याहून मोठं असेल तर हलवू नका, मुळं दुखावलेली त्याला सोसत नाहीत. बाजूंनी चर काढून पाणी बाहेर वळवणं एवढंच हातात राहतं.

कळ्या गळतात, फूल येत नाही

इथे एक गैरसमज फार. फांदीच्या अगदी टोकाला लवदार, टोकदार, मिटलेली कळीसारखी गोष्ट असते. तिचं टोपण गळून खाली पडतं आणि लोक म्हणतात कळ्या गळाल्या. ती पानाची कळी. टोपण गळल्यावर आतून घडी घातलेलं पोपटी पान बाहेर येतं आणि फांदीवर बारीक कड्यासारखी खूण राहते. फुलाची कळी पानाच्या बगलेत येते, तिला आखूड देठ असतो आणि ती फुगीर असते. ती खरोखर गळत असेल तर पाण्यातला चढउतार बघा: चार दिवस कोरडं, मग एकदम पूर.

बियांपासून केलेलं रोप फुलायला सात-आठ वर्षं सहज घेतं, जास्तही. कलम वर्षा-दोन वर्षांत फुलतं. कलम आहे म्हणून घेतलं आणि वर्षानुवर्षं फूल नाही, तर सांध्याच्या, म्हणजे कलम जोडलेल्या जागेच्या, खालून फुटलेल्या फांदीनं वरचं कलम मारून टाकलेलं असू शकतं. सांध्याखालचे फुटवे दिसले की लगेच खुडा.

किडीचं थोडक्यात. फांद्यांवर तपकिरी खवल्यांसारखे ठिपके, मुंग्यांची ये-जा आणि पानांवर काजळी दिसली तर ते खवले कीटक. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन घासून काढा, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल थोड्या साबणात घोटून संध्याकाळी फवारा. पानं कुरतडणारी हिरवी अळी दिसली तर मी तिला राहू देते. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं एक चपळ फुलपाखरू सोनचाफ्यावर अंडी घालतं, आणि चार-सहा पानांनी मोठ्या झाडाचं काही जात नाही.

नवं रोप घेताना पहिला मोठा पाऊस होऊन हवा गार झाली की घ्या, मेमध्ये सवलतीत मिळालं तरी नको. पिशवी उचलून खाली बघा. भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर दुसरं मागा. सांधा नीट जुळलेला, मातीच्या वर आणि स्पष्ट दिसणारा असावा. उंच, किडकिडीत, एकच शेंडा असलेल्या रोपापेक्षा बुटकं आणि दोन-तीन फांद्यांचं रोप घ्या, मग त्याला फूल असो वा नसो. लावताना सांधा मातीत पुरू नका. आणि गच्चीवरच ठेवायचं असेल तर काळी प्लास्टिकची कुंडी टाळून मातीची, किमान 16 इंचांची घ्या; मेच्या दुपारी काळ्या कुंडीच्या कडेला हात लावून बघितलात की कारण कळेल.